आधी ट्रंक, मग इमारत

अनेक उत्तम आशीर्वाद.

स्थलांतरितांचं संग्रहालय काढायचं म्हणून तुझी सगळी धडपड जागेसाठी चालली आहे, ती थोडी बाजूला ठेव. लंडनच्या मायग्रेशन म्युझियमला सुरुवातीची काही वर्षं स्वतःची वास्तूच नव्हती. फिरत्या प्रदर्शनांवर त्याने माणसं जोडली. २०१७ मध्ये लंडनमधल्याच लॅम्बेथ भागात तात्पुरती जागा मिळाली आणि २०२० च्या फेब्रुवारीत ते ल्यूइशमच्या शॉपिंग सेंटरमधल्या रिकाम्या गाळ्यात आलं. पाठोपाठ टाळेबंदी लागली, तरी ते तगलं. बाजाराच्या पिशव्या घेऊन सहज आत डोकावणारा माणूस तिथे येऊ लागला, ही मॉलमधल्या जागेची खरी कमाई समज. जर्मनीतली ‘डोमिड’ ही स्थलांतराचा इतिहास जपणारी संस्था तुर्की स्थलांतरितांनी १९९० मध्ये काढली. आधी लोकांच्या घरातल्या वस्तू जमवल्या. संग्रहालयासाठी सरकारी पैसा मंजूर व्हायला २०१९ उजाडलं.

तेव्हा पहिला खर्च इमारतीवर नको, नोंदवहीवर कर.

समज, कुणी आजोबांची पत्र्याची ट्रंक आणून दिली. ती दान आहे की उसनी, हे त्याच दिवशी दोन प्रतींत लिहून सही घे. उसनी असेल तर परतीची तारीख हवीच. ‘राहू दे तुमच्याकडे’ एवढ्यावर घेतलेली वस्तू दहा वर्षांनी नातवंडांच्या भांडणात अडकते, आणि तोवर तू तिच्यासाठी काचेचं कपाट केलेलं असतं. वस्तूला क्रमांक दे, तोच वहीत आणि तोच सुती दोऱ्याच्या चिठ्ठीवर. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने लिही. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. सेलोटेप आणि लॅमिनेशन वर्ज्य. ट्रंकेतल्या लुगड्याला प्रकाश ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर नको, आणि घडी अधूनमधून बदल, नाहीतर कापड घडीवरच चिरतं. मुलाखत रेकॉर्ड केलीस तर संमतिपत्रात ‘पुढे माघार घेता येईल’ हे कलम ठेव. कागदपत्रांविना आलेल्या माणसाची मुलाखत त्याच्यावरच उलटू शकते.

आता पैसा. दालनाला नाव द्यायला दाते मिळतात, वीजबिलाला कुणी मिळत नाही. म्हणून वर्गणीदारांचं मित्रमंडळ काढ. वर्गणी लहान ठेव, पण ती कशावरही खर्च करता येईल असं पावतीवर छापून घे. अमुक कामासाठी म्हणून आलेली देणगी वेगळ्या खात्यात टाक. पगार अडले की तिकडे हात जातो आणि हिशेब तपासनीस नेमकं तेच पकडतो. मंडळ गळतं ते बहुधा दुसऱ्या वर्षी, आणि रुसून नव्हे, कुणी आठवण न केल्यामुळे. वर्गणीची मुदत संपण्याच्या महिनाभर आधी एक पत्र धाड, संपल्यावर एक फोन कर.

सभासदांना फक्त भाषणं ऐकायला बोलावू नकोस. टेबलावर ओळख न पटलेले वीस फोटो मांड, पेन्सिली ठेव, चहा ठेव. फोटोतला दुकानदार कोण, हे त्यांच्यातल्याच कुणाला तरी ठाऊक असतं. ते सांगणाऱ्याचं नावही नोंदव.

नावांचं एक राहिलं. मॉरिशसला गेलेल्या गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, नावं कारकुनांनी कानावर पडली तशी लिहिली. मराठी नावंही त्यातून सुटली नाहीत. त्यामुळे वहीत दोन रकाने आख: कागदावर आहे तसं नाव, आणि घरात उच्चारतात तसं. दुसरा रकाना माणूस समोर बसलेला असतानाच भर, मागाहून तो भरला जात नाही.