मोटरहोमच्या हीटिंगमधलं ग्लायकोल घरी बदलावं का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जर्मनीत नऊ वर्षं जुनी मोटरहोम घेतलीत, आत आल्डे कंपनीची हीटिंग आहे (तापवलेलं पाणी नळ्यांतून गाडीभर फिरवणारी), त्या पाण्यात ते गोठू नये म्हणून मिसळलेलं ग्लायकोल शेवटचं कधी बदललं ते विकणाऱ्याला आठवत नाही, हीटिंगच्या टाकीत काहीतरी फिकट निळं दिसतंय आणि डिसेंबरात नॉर्दर्न लाइट्स बघायला नॉर्वेतल्या त्रोम्सोला जायचंय. द्रव गोठेल का, आणि बदलायचा तर घरी जमेल का?

आम्ही स्वीडनमध्ये वेस्टेरोसला राहतो. आमच्या गाडीतही हीच हीटिंग आहे आणि मी हा उद्योग एकदा स्वतः केलाय. दुसऱ्या वेळी मुकाट्याने वर्कशॉपमध्ये गेलो. दोन्हीचा अनुभव सांगतो.

आधी गोठण्याची भीती. ती तुम्ही पाच मिनिटांत मिटवू शकता. रिफ्रॅक्टोमीटर नावाचं छोटं यंत्र मिळतं, त्याच्या काचेवर टाकीतला एक थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. 40 टक्के ग्लायकोल आणि 60 टक्के पाणी असेल तर साधारण उणे 25 अंशांपर्यंत चिंता नाही. त्रोम्सो समुद्रकाठी आहे, तिथे एवढी थंडी सहसा नसते. पण फिनलंडमधून किल्पिसयार्वीमार्गे गेलात तर पारा उणे 30 च्या खाली जाऊ शकतो, तेव्हा 50 टक्के ठेवा. त्याच्या वर मात्र जाऊ नका. जास्त घातलं की जास्त सुरक्षित, असं इथे नसतं. निव्वळ ग्लायकोल उणे 13 च्या आसपासच गोठतं, शिवाय दाट मिश्रण उष्णताही कमी वाहून नेतं.

पण आकडा चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका. रिफ्रॅक्टोमीटर फक्त ग्लायकोलचं प्रमाण सांगतो, आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. संपतात ती त्यात मिसळलेली गंजरोधक रसायनं. ती संपली की द्रव आम्लधर्मी होत जातो आणि तुमच्या भिंतींमागचे कन्व्हेक्टर, म्हणजे खोलीला ऊब देणारे रेडिएटर, अॅल्युमिनियमचे आहेत, ते गंजतात. साध्या निळ्या ग्लायकोलला कंपनी दोन वर्षं देते, जी12++ किंवा जी13 (कॅनवर छापलेली प्रकारांची नावं) जातीच्या चांगल्या ग्लायकोलला पाच. तुमच्या गाडीचा इतिहासच माहीत नाही, तेव्हा बदला. यात माझ्या मनात तरी शंका नाही.

रंगावर विश्वास ठेवू नका. निळा, गुलाबी, जांभळा हे रंग उत्पादकाने ठरवलेले असतात, आत काय आहे त्याची ती हमी नाही. काच पुसायचं हिवाळी पाणीसुद्धा निळंच असतं. एकदा पेट्रोल पंपावर मी त्याचाच कॅन उचलला होता, बायकोने लेबल वाचलं म्हणून वाचलो. जुन्या प्रकारात नवा प्रकार मिसळला तर जेलीसारखा साका तयार होऊ शकतो आणि तो नेमका पंपात किंवा बारीक नळीत जाऊन बसतो. म्हणून प्रकार बदलत असाल तर सगळं रिकामं करून स्वच्छ पाण्याने खळखळून धुवा, नितळ पाणी येईपर्यंत. त्या धुण्यातलं थोडं पाणी आत राहतंच, तेव्हा भरून झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटर पुन्हा लावा. तयार मिश्रणच घ्या. कॉन्सन्ट्रेट घेतलंत तर डिस्टिल्ड वॉटर वापरा, नळाचं क्षारयुक्त पाणी नको.

आता घरी जमेल का? रिकामं करणं सोपं आहे. सगळ्यात खालच्या जागी ड्रेनचा नळ असतो, नसला तर तिथली रबरी नळी क्लिप सैल करून काढायची. भरणंही सोपं, वरच्या टाकीतून हळूहळू ओतत राहायचं. आमच्या गाडीत 14 लिटर बसलं. खरी परीक्षा हवेची. मी शनिवारी दुपारी भरलं आणि रात्री पुढे बसायची जागा ऊबदार, पण मागे पलंगाजवळचा कन्व्हेक्टर बर्फासारखा गार. भिंतीतून खळखळ आवाज, जणू कोणी आत चूळ भरतंय. अडकलेली हवा बाहेर सोडायचे सगळे एअर स्क्रू मी उघडले होते असं मला वाटत होतं. एक कपाटाच्या फळीमागे होता, तो सापडायला मंगळवार उजाडला. तेव्हा ओतण्याआधी हँडबुक घेऊन एकूण किती आहेत ते मोजा. पंप बंद ठेवून एकेक उघडा, द्रव आला की लावा. मग पुढची चाकं उताराच्या ठोकळ्यांवर चढवून गाडी थोडा वेळ उभी ठेवा, नंतर मागची. अडकलेली हवा अशी सरकते. टाकीत पातळी गार असताना किमान रेषेच्या 1 सेंटिमीटर वर पुरे. तापल्यावर द्रव फुगतो, काठोकाठ भरलंत तर सांडेल.

वर्कशॉपमध्ये हे सगळं यंत्र करतं. ते टाकीला जोडून नवा द्रव दाबाने फिरवतात, जुना बाहेर पडतो आणि पारदर्शक नळीतले बुडबुडे थांबले की काम झालं. वेळ आहे, हात चालतात आणि उन्हाळा आहे, तर स्वतः करा, गाडीची ओळख होते. पण नोव्हेंबरात अंगणात कुडकुडत पहिल्यांदाच करणार असाल तर माझा सल्ला पैसे द्या हाच.

जुना द्रव मात्र गटारात किंवा मातीत अजिबात नको. इथिलीन ग्लायकोल विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरी सांडलेलं चाटतात. बंद कॅनमध्ये भरून गावच्या वेर्टश्टोफहोफला (कचरा जमा करायच्या केंद्राला) विचारा, घातक कचरा कधी घेतात ते सांगतील. लहान मुलं असतील तर ओतण्याच्या दिवशी त्यांना आजीकडे पाठवा.

बदलल्यानंतर निदान तीन-चार रात्री गाडी जवळपासच वापरा. हवा पुढचे काही दिवस निघत राहते, पातळी उतरते, थोडं वरून घालावं लागतं. त्यानंतरही उतरतच राहिली तर कुठेतरी क्लिप गळतेय, कपाटं उघडून सांध्यांखाली कोरडा टिश्यू फिरवा. प्रवासात 2 लिटर तेच मिश्रण आणि चार क्लिपा बरोबर असू द्या. आणि टाकीच्या झाकणावर मार्करने प्रकार आणि महिना-वर्ष लिहून ठेवा, पुढे गाडी विकाल तेव्हा घेणाऱ्याला असा प्रश्न टाकावा लागणार नाही.