नहर अल-कल्बला अर्धा तास नको, सकाळ ठेव

लेबनॉनमध्ये बैरूतहून बिब्लॉसला जाता जाता नहर अल-कल्ब नदीच्या मुखाशी अर्धा तास थांबलं तर शिलालेख बघून होतील का, असं विचारलंयस. नाही होणार रे. मी पहिल्यांदा असाच घाईत गेलो, खालचे दोन-तीन लेख बघून फोटो काढले आणि निघालो, इजिप्तचा फेरो (राजा) रामसेस याच्या लेखापर्यंत पोचलोच नाही. रुखरुख इतकी राहिली की पुढच्या ट्रिपला अख्खी सकाळ तिथेच घालवली.

बैरूतच्या उत्तरेला साधारण १५ किमीवर डोंगराची सोंड थेट समुद्रापर्यंत येते आणि तिथेच ही नदी समुद्राला मिळते. आता हायवे बोगद्यातून जातो म्हणून कळत नाही, पण पूर्वी किनाऱ्याने येणाऱ्या सैन्याला या कड्यावरच्या अरुंद वाटेनेच जावं लागायचं, आपल्या घाटातल्या खिंडीसारखं समज. जो पार झाला त्याने खडकावर लिहून ठेवलं. इ.स.पू. १३ व्या शतकात दुसरा रामसेस, मग इ.स.पू. ६७१ मध्ये इजिप्त जिंकून परतणारा असिरियाचा एसरहद्दोन, आणि त्याने आपला लेख कोरला तो नेमका रामसेसच्या शेजारी! हे दोन्ही एका नजरेत येतील असा उभा राहून बघ, मला तिथून हलवेना. पुढे रस्ता दुरुस्त करणारे रोमन सम्राट काराकल्लाचे सैनिक, पुलाबद्दलचा मामलुक सुलतानांच्या काळातला अरबी लेख, असं चालूच.

राग येतो तो फ्रेंच लेखापाशी. १८६०-६१ च्या मोहिमेत फ्रेंच सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या सैन्याने रामसेसच्या तीनपैकी एक लेख घालवून त्याच चौकटीत स्वतःचा लेख कोरला. तीन हजार वर्षं ऊनपावसात टिकलेलं असं पुसायचं? एसरहद्दोननेसुद्धा शेजारची जागा घेतली होती, रामसेसला हात लावला नव्हता.

१९१८ चे इंग्रजी लेख बघ, तेव्हा बैरूतमध्ये शिरलेल्या ब्रिटिश फौजेच्या सातव्या मेरठ डिव्हिजनमध्ये बरेचसे आपले भारतीय शिपाई होते. आणि १९४६ चा अरबी लेख अजिबात सोडू नकोस, तो परकं सैन्य देशातून निघून गेल्याचा आहे, इतक्या विजेत्यांनंतर तो बघताना भरून आलं मला.

जुने लेख वरच्या पायवाटेकडे आहेत, चांगले बूट घाल. झिजलेली अक्षरं तिरप्या उन्हातच उठून दिसतात, भर दुपारी नुसता खडक दिसेल. बॅबिलोनचा राजा नेबुखद्नेझरचा लेख पलीकडच्या उत्तर काठावर आहे, त्यासाठी वेगळा वेळ काढ. जैता गुहा याच नदीच्या उगमाशी आहे, पण उघडी आहे का ते आधी विचार, आणि एकूण तिथली परिस्थिती बघूनच तिकीट काढ.