१७०० अंशांची मूस १००० अंशांवर का तडकली?

प्रश्न : आमच्या अ‍ॅल्युमिनाच्या (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) मुशीवर, म्हणजे पदार्थ तापवायच्या भांड्यावर, १७०० अंश सेल्सिअस ही मर्यादा छापलेली आहे. १००० अंशांच्या भट्टीतून काढून लोखंडी पाटावर ठेवताच ती तळाशी तडकली. माल बनावट होता का?

उत्तर : तसे मुळीच समजू नका. छापलेला आकडा मूस किती तापमान सोसते एवढेच सांगतो. ते किती झपाट्याने बदललेले चालेल, हे सांगत नाही. लोखंडाला टेकलेला तळ एकदम थंड होऊन आकसू लागला, पण आतल्या गरम थराने त्याला आकसू दिले नाही. तळाचा पृष्ठभाग ताणला गेला. अ‍ॅल्युमिनासारखे सिरॅमिक दाब भरपूर सोसते, ताण मात्र फार थोडा. म्हणूनच तापवण्यापेक्षा थंड करताना तडे जास्त जातात. भरीव अ‍ॅल्युमिना तापवून पाण्यात टाकले, तर साधारण २०० अंशांच्या फरकालाच त्याची ताकद ढासळते. सिलिकॉन नायट्राइड हे दुसरे सिरॅमिक ५०० अंशांचा फरकही सोसते, कारण त्याचे प्रसरण अ‍ॅल्युमिनाच्या निम्म्याहून कमी आहे आणि मजबुती जास्त.

मूस भट्टीतच थंड होऊ द्या, ताशी १०० ते १५० अंशांनी. जाड भिंतीची असेल तर आणखी सावकाश. गरम काढणे अटळच असेल, तर चिमट्याची टोके आधी तापवा आणि मूस तापलेल्या सच्छिद्र भट्टीविटेवर ठेवा. वितळलेला धातू आत गोठू देऊ नका, पुढच्या वेळी तापताना तो फुगून मूस फोडतो. ओली मूस आधी ११० अंशांवर पूर्ण वाळवा.

रोजच गरम काढायची असेल, तर पदार्थच बदला. धातू वितळवायला माती-ग्रॅफाइटची किंवा सिलिकॉन कार्बाइडची मूस घ्या. दोन्हींतून उष्णता लवकर पसरते. भट्टीतल्या फळ्यांसाठी कॉर्डिएराइट (कमी प्रसरणाचे सिरॅमिक) उत्तम, पण सुमारे १२५० अंशांपर्यंतच. आणि जितके भरीव तितके टिकाऊ, हा समज सोडा! भरड, सच्छिद्र विटेत तडा लवकर सुरू होतो खरा, पण छिद्रांशी अडून तिथेच थांबतो.

प्रश्न : क्वार्ट्झ काचेचे प्रसरण जवळपास शून्य असते ना? मग ११५० अंशांवर वापरलेली आमची नळी पांढरी पडून थंड होताना का सोलली?

उत्तर : बहुधा बोटांच्या घामातल्या सोडियममुळे. त्याच्या डागापासून काचेचे स्फटिकीभवन सुरू होते आणि क्रिस्टोबलाइट, म्हणजे सिलिकाचे एक स्फटिकरूप, तयार होते. थंड होताना २५० अंशांच्या आसपास त्याची रचना बदलून ते अचानक आकसते, खालची काच मात्र तशीच राहते. मग थर सुटतो. नळी हातमोजे घालूनच हाताळा, तापवण्यापूर्वी अल्कोहोलने पुसा. पांढरी पडलेली नळी आणखी वापरायची असेल, तर तापवण्याच्या दोन फेऱ्यांमध्ये ती ३०० अंशांखाली जाऊ देऊ नका.