'एक्सेस स्टॉर्मवॉटर इन्फ्लो'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की नगरपालिकेच्या एका ड्रेनेज प्रकल्पाच्या अहवालाचं मराठी करायचंय, त्यात 'सॅनिटरी सीवरमधला एक्सेस स्टॉर्मवॉटर इन्फ्लो' असं सारखं येतंय (तो आवरायला लाईन 'अपग्रेड' करायची असं वाक्य आहे), आणि त्याचं 'स्वच्छता गटारातील अतिरिक्त वादळी पाण्याचा अंतर्प्रवाह' असं केलंय ते बरोबर आहे का.

स्पष्टच सांगतो, नका ठेवू. हे वाचून वॉर्डातल्या माणसाला कळणारच नाही की हे आपल्याच चेंबरबद्दल चाललंय.

आधी 'वादळी' काढा. स्टॉर्मवॉटरचा वादळाशी संबंध नाही, आपल्याकडे आषाढात आठ दिवस संथ पाऊस लागतो तेव्हाही तेच पाणी वाहतं. त्याला सरळ पावसाचं पाणी म्हणा. त्याच्या पाइपाला मुंबई महापालिकेत 'पर्जन्य जलवाहिनी' म्हणतात, पुण्यात साइटवर सगळे 'पावसाळी लाईन' म्हणतात आणि मला तोच शब्द आवडतो, काय आहे ते लगेच कळतं. दुसरं, सॅनिटरी सीवर म्हणजे स्वच्छता गटार नाही, ती संडास-बाथरूम-मोरीचं पाणी नेणारी बंद लाईन. कागदावर 'मलनिःसारण वाहिनी', बोलताना 'ड्रेनेज लाईन'. पाण्याला मुंबईत 'मलजल' लिहितात, पुण्यात 'मैलापाणी'. 'सांडपाणी' शब्द मला फार प्रिय आहे, सांडणे वरून आलेला, धरणाचा सांडवाही त्यातलाच, पण गावाकडे सांडपाणी म्हणजे धुण्याभांड्यांचं, जे शोषखड्ड्यात जातं ते, त्यात संडासाचं धरत नाहीत, म्हणून इथे मैलापाणीच वापरा.

आता मुख्य मुद्दा 'इन्फ्लो'. अहवालात बहुतेक पुढे 'इन्फिल्ट्रेशन' पण आलं असेल, ही जोडी नेहमी बरोबरच येते, आणि दोन्हीला 'अंतर्प्रवाह' लिहिलं की सगळा घोळ होतो. मराठीत दोन साधी क्रियापदं तयार आहेत, पाणी *शिरतं* आणि पाणी *झिरपतं*. इन्फ्लो म्हणजे शिरलेलं पाणी, जे वरून, उघड्या वाटेनं, धो धो येतं: गच्चीचा पाइप ड्रेनेजला जोडलाय, चेंबरचं झाकण फुटलंय, रस्त्यावर पाणी साचलं म्हणून कुणीतरी झाकणच उचलून ठेवलंय. इन्फिल्ट्रेशन म्हणजे झिरपलेलं पाणी, पावसाळ्यात जमिनीला उमाळे फुटतात तेव्हा जुन्या पाइपाच्या सांध्यातून, तड्यांतून आत येणारं. इथे 'गळती' चालणार नाही, गळती बाहेर होते, हे उलट आत येतंय. 'पाझर'ही नको वाटतो, पाझर तलावामुळे म्हणा की मायेच्या पाझरामुळे म्हणा, त्या शब्दाला हवंहवंसं काहीतरी चिकटलंय.

हा फरक नुसता शब्दांचा नाही, कामाचा सगळा आराखडा त्यावरच ठरतो. लाईनमधे प्रवाह मोजायचं मीटर बसवतात, आधी कोरड्या दिवसांत नि मग पावसात. सर आल्यावर लगेच प्रवाह उसळला आणि पाऊस थांबला की उतरला, तर पाणी शिरतंय. हळूहळू चढला आणि उघडीप पडल्यावरही कित्येक दिवस चढाच राहिला, तर झिरपतंय. शिरण्यावर उपाय म्हणजे चुकीचे जोड शोधून तोडणे, झाकणं बदलणे, चेंबरचं तोंड रस्त्याच्या वर घेणे, तर झिरपण्यावर उपाय म्हणजे पाइपाला आतून अस्तर लावणे किंवा सांधे नव्याने करणे. शोधायला धूर सोडतात, ड्रेनेज लाईनमधे धूर भरला आणि तो गच्चीवर पन्हळीच्या पाइपातून बाहेर आला की जोड सापडला.

एक जोड मी जवळून पाहिलाय. आमच्या आधीच्या सोसायटीत जुलैत तळमजल्याच्या संडासात गुडगुड आवाज यायचा, मग पाणी वर चढायचं आणि बाहेर चेंबरचं लोखंडी झाकण आतल्या दाबाने टणटण वाजायचं. तळमजल्यावरच्या आजी दरवर्षी त्या दिवसांत भांड्यांची परात मोरीच्या तोंडावर दगड ठेवून दाबून ठेवायच्या. सगळे म्हणायचे लाईन लहान पडते, मोठी टाका. शेवटी एका प्लंबरने खणून बघितलं तर गच्चीचे दोन्ही पाइप सरळ ड्रेनेजच्या चेंबरमधे सोडलेले, बांधतानाच, पावसाळी लाईनपर्यंत न्यायला पंधरा-वीस फूट खणावं लागलं असतं म्हणून.

आता हिशोब बघा. माणशी रोज १३५ लिटर पाणी, त्यातलं साधारण ८० टक्के मैलापाणी होतं, असं आपल्याकडे डिझाइन करताना धरतात, म्हणजे १०८ लिटर. ४० फ्लॅट, घरटी ४ माणसं, म्हणजे १६० माणसांचं दिवसभराचं मैलापाणी झालं १७,२८० लिटर. आणि ४०० चौरस मीटरच्या गच्चीवर तासाला ५० मिमी पाऊस पडला तर एका तासात २०,००० लिटर! अख्ख्या बिल्डिंगच्या दिवसभराच्या पाण्यापेक्षा एका तासाचं गच्चीचं पाणी जास्त. हा ५० मिमीचा आकडा मनाचा नाही, मुंबईच्या पावसाळी वाहिन्यांसाठी १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात तोच धरलाय, आधीच्या वाहिन्या २५ मिमीच्या हिशोबाच्या होत्या. मैल्याच्या लाईनला तो हिशोब कुणी लावतच नाही, कारण ते पाणी तिथे यायचंच नसतं.

म्हणूनच 'अतिरिक्त' शब्दावर माझा सगळ्यात जास्त आक्षेप आहे. अतिरिक्त म्हटलं की वाटतं थोडं चालेल, जरा जास्त झालंय एवढंच, आणि मग मोठी लाईन टाका ही मागणी आपोआप येते, मोठे पंप येतात, प्रक्रिया केंद्रात पातळ पाणी जातं, तिथले जिवाणू वाहून जातात, आणि गच्चीचा पाइप जिथल्या तिथे. कोलकात्याच्या जुन्या भागात किंवा लंडनमधे एकाच गटारात दोन्ही पाणी न्यायचं असंच मुळात ठरवलेलं, तिथे पाऊस घरचाच, त्याला अतिरिक्त म्हणता येईल. आपल्याकडे दोन लाईनी वेगळ्या धरल्यात, तिथे तो पाहुणासुद्धा नाही. जर्मन लोक याला 'फ्रेम्डवासर' म्हणतात, म्हणजे परकं पाणी. फ्रेंच त्याला परजीवी पाणी म्हणतात, बांडगुळासारखं. जपानी 'फुमेइसुइ', म्हणजे कुठून आलं ते न कळलेलं पाणी, मीटर वाचणाऱ्याच्या नजरेतून केलेला शब्द! शिरलेलं आणि झिरपलेलं दोन्हीला मिळून एक शब्द लागला तर मी 'आगंतुक पाणी' सुचवेन, पावसाळ्यात न बोलावता येतं नि जातं.

तर तुमचं वाक्य असं करा: 'मैल्याच्या लाईनमधे शिरणाऱ्या पावसाच्या पाण्याला आळा घालण्यासाठी लाईनची सुधारणा'. अपग्रेडला 'उन्नतीकरण' नको, आणि 'क्षमतावाढ' तर अहवालात खरंच पाइपाचा व्यास वाढवायचा म्हटलं असेल तिथेच लिहा.

राहिलं शुद्धलेखन, मलनिःसारण आणि मलनिस्सारण दोन्ही चालतं, फक्त अहवालभर एकच ठेवा. आणि मॅनहोलला चेंबरच म्हणा, 'मनुष्य प्रवेशिका' टेंडरमधे राहू दे.