सगळंच बदललं, तर जगण्याला अर्थ कुठून आणायचा?

पुण्यातली नोकरी गेली, पेडण्याला घरी परतावं लागलं आणि आता आपण नेमके कोण तेच कळेनासं झालंय, असं तुम्ही लिहिलंय. "झालं गेलं विसर" असं सांगणारे एव्हाना पुष्कळ भेटले असतील. मी तसं सांगणार नाही. जे गेलं त्याला वर्षातला एखादा दिवस नेमून द्या.

हे मला कुर्डीत कळलं. गोव्यातल्या सांगे तालुक्यातलं, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव साळावली धरणापायी उठलं आणि १९८० च्या दशकात पाण्याखाली गेलं. माणसं वाडे, वालकिणीला जाऊन वसली. मे महिन्यात पाणी ओसरलं की घरांची जोती वर येतात, आणि कुर्डीकर सोमेश्वराच्या उत्सवाला तिथे जमतात. ख्रिश्चन कुटुंबंही आपल्या कपेलाच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, फेस्ताला येतात. मी गेलो तेव्हा एक आजी भेगाळलेल्या चिखलातून नातवाला घेऊन चालली होती. "हांगा आमची तुळस," म्हणजे इथे आमची तुळस होती, म्हणाली, आणि वाकून तिथली माती चाचपली. मग दोघं झाडाखाली जेवायला बसली. दुःख होतंच, पण त्याला बसायला जागा होती.

मी डिचोलीचा, खाणीवर ट्रक चालवायचो. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून ट्रक दारात उभा राहिला. २०१२ चा खाणबंद पचवून झाला होता, पण या खेपेला पावसाळ्यात हौद्यात गवत उगवलं. हप्त्यांची काळजी होतीच. त्याहून सकाळ खायला उठायची, कारण पहाटे उठून लाइनीत नंबर लावायची सवय अंगात होती आणि जायला कुठे नव्हतं. शेवटी ट्रक विकला. पाने आणि जॅक मात्र ठेवलेत. दसऱ्याला ते पुसून झेंडू वाहतो, जुने साथीदार येतात आणि दिवसभर खाणीच्याच गोष्टी चालतात. बाकीचे दिवस माडा-पोफळींच्या कुळागरातल्या कामाला मोकळे राहतात.

दुसरी गोष्ट, जिथे कुणीतरी आपली वाट बघेल असं एखादं काम धरा. आमच्या वाड्यावरच्या आरती पथकात घुमट हे मातीचं तालवाद्य वाजवणारे होते, कासाळं म्हणजे मोठे टाळ वाजवायला कुणी नव्हतं. मला ओढून नेलं. तालमीला गेलो नाही की घरी फोन यायचा. अर्थ वगैरे तेव्हा काही सापडला नव्हता, पण संध्याकाळी अंघोळ करून बाहेर पडायला कारण मिळालं. त्या दिवसांत एवढं पुरे होतं.

मात्र झोप उडाली असेल, अन्न जात नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी १४४१६ ला फोन करा. टेली-मानसची ही सेवा मोफत आहे आणि रात्रंदिवस चालू असते. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेतही जाता येतं. घरच्या एका माणसाला सोबत न्या, लाजू नका.

गणपतीची चवथ जवळ आली की शेजारच्या घरी माटोळी, म्हणजे मूर्तीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधायला जा. वर चढून फळं बांधणारा माणूस हल्ली कुणालाच मिळत नाही, तुम्हाला नक्की बोलावतील.