पाच जागा आणि आठ पिचर

या अंकात बेसबॉलविषयीच्या तीन पत्रांना उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातील एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे आणि अमेरिकेतील मेजर लीगचे सामने पहाटे उठून पाहतो. तिथला हंगाम संपला, की हिवाळाभर पिचरांच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांच्या, खरेदीच्याच बातम्या येत राहतात. सामना सुरू करणारे पाच पिचर लागत असतील, तर पाच चांगले घेऊन संघ मोकळे का होत नाहीत? आठ-आठ जण कशासाठी जमवतात आणि ही जुळवाजुळव करताना नेमके काय पाहतात?

उत्तर : पाच हा आकडा वेळापत्रकातून आलेला आहे. सामना सुरू करणाऱ्या पिचरला, म्हणजे स्टार्टरला, एकदा खेळल्यानंतर साधारण चार दिवस विश्रांती देतात आणि सामने जवळजवळ रोज असतात. म्हणून पाच जणांची पाळी लावावी लागते. संघबांधणी करणारे मात्र हिवाळ्यात हिशेबाला बसतात ते इनिंगच्या (बेसबॉलच्या सामन्यात असे नऊ डाव असतात). मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत प्रत्येक संघाला १६२ सामने खेळायचे असतात. स्टार्टरने सामन्यामागे पाच इनिंग टाकाव्यात, एवढी माफक अपेक्षा धरली तरी ८१० इनिंग होतात आणि त्या पाच जणांत वाटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला १६२ येतात. आता पिचरांनी दिलेल्या धावांच्या सरासरीच्या क्रमवारीत नाव लागण्यासाठी किमान १६२ इनिंगचीच अट आहे आणि २०२१ ते २०२५ या पाच हंगामांत ३० संघांत मिळून ती अट पूर्ण करणाऱ्यांची संख्या एकदाही साठावर गेली नाही. एका संघाच्या वाट्याला पुरते दोनही येत नाहीत! उरलेल्या तीन जागांचे काम चार, पाच, कधी त्याहून अधिक जणांकडून तुकड्यातुकड्याने करून घ्यावे लागते आणि ते करणार कोण, हे डिसेंबरातच ठरवलेले बरे असते.

यामागचे मुख्य कारण कोपर हे आहे. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटला, की बहुधा ‘टॉमी जॉन’ या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया करावी लागते. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये त्याच नावाच्या पिचरवर ती पहिल्यांदा केली. त्यानंतर मैदानात परतायला वर्ष ते दीड वर्ष लागते, म्हणजे जूनमध्ये जायबंदी झालेला पिचर पुढच्या हंगामाचाही मोठा भाग गमावतो. कॉर्बिन बर्न्स या पिचरचे उदाहरण ताजे आहे. ॲरिझोनाच्या संघाने डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्याशी सहा वर्षांसाठी २१ कोटी डॉलरचा करार केला; त्याने ११ सामने सुरू केले आणि जून २०२५ मध्ये त्याच्यावर हीच शस्त्रक्रिया झाली. निवड चुकली असे यावरून म्हणता येणार नाही, कारण त्याच्यासारखा पिचर त्या हिवाळ्यात बाजारात क्वचितच कोणी होता. पण एकाच माणसावर सगळा भरवसा टाकणारे रोटेशन, म्हणजे स्टार्टरांची पाळी, त्याच्याबरोबरच कोलमडते. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरचा शेतकरी रब्बीची पेरणी ठरवताना किती आवर्तने सुटणार आणि मधल्या खंडात विहीर किती साथ देईल, हे आधी विचारतो. चांगल्या संघाचा व्यवस्थापकही सहाव्या-सातव्या पिचरचा विचार तसाच करतो.

या सहाव्या-सातव्या जागेचे गणित बहुतेक प्रेक्षकांच्या नजरेतून सुटते. करारातील खेळाडूंची यादी ४० जणांची असते, त्यांतले २६ प्रत्यक्ष संघात असतात आणि या २६ मध्ये पिचर १३ पेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. सुटे पिचर खालच्या लीगमध्ये ठेवावे लागतात. परंतु खेळाडूला असे खाली पाठवण्याची मुभा संघाला साधारणपणे तीनच हंगामांपुरती असते आणि एका हंगामात जास्तीत जास्त पाच वेळा वापरता येते. ही मुभा संपलेल्या पिचरला खाली पाठवायचे तर आधी तो इतर संघांपुढे ठेवावा लागतो आणि त्यांतला कोणीही त्याला उचलून नेऊ शकतो. त्यामुळे गुणांनी थोडा उणा, पण हवा तेव्हा वर आणता येईल असा पिचर कित्येकदा त्याच्याहून सरस पिचरपेक्षा मोलाचा ठरतो. संघांची खरी हुशारी मला या व्यवहारांत दिसते, जरी त्यांच्या बातम्या दोन ओळींत आटोपतात.

काय पाहतात, या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर जय-पराजयाचे आकडे आता फारसे कोणी विचारात घेत नाही, कारण स्वतःच्या संघाने धावाच केल्या नाहीत तर उत्तम पिचरही हरतो. किती फलंदाजांना त्याने स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केले आणि किती जणांना चार ‘बॉल’ (फलंदाजाच्या ठरलेल्या टप्प्याबाहेरचे चेंडू) टाकून फुकट पहिल्या बेसवर जाऊ दिले, याचे प्रमाण अधिक बोलके असते. त्याच्याकडे चेंडूचे प्रकार किती आहेत, हेही महत्त्वाचे. फलंदाज एकाच सामन्यात त्याच पिचरसमोर तिसऱ्यांदा येतो, तेव्हा त्याला चेंडूची वळणे ओळखीची झालेली असतात. दोनच प्रकार टाकणाऱ्याची तिथे पंचाईत होते. अशा पिचरकडून अठरा फलंदाजांपुरते काम घेऊन पुढचा सामना बुलपेनकडे, म्हणजे स्टार्टरनंतर येणाऱ्या पिचरांकडे, सोपवणे, हा पाचव्या जागेसाठी आता सर्रास वापरला जाणारा मार्ग आहे.

तिसरी गोष्ट आदल्या वर्षीच्या इनिंगची, कारण हाताला सवय नसलेला भार संघ सहसा एकदम वाढवत नाहीत. गॅरेट क्रोशे हा पिचर शस्त्रक्रियेमुळे २०२२ चा पूर्ण हंगाम बाहेर होता आणि २०२३ मध्येही जेमतेम खेळला. २०२४ मध्ये त्याने शिकागो व्हाइट सॉक्ससाठी ३२ सामने सुरू केले, पण हंगामाच्या उत्तरार्धात संघ त्याला लवकर बाहेर काढत असे, त्यामुळे इनिंग १४६ च झाल्या. त्या डिसेंबरात बॉस्टनने चार तरुण खेळाडू देऊन त्याला घेतले आणि २०२५ मध्ये त्याने २०५ इनिंग टाकल्या. याउलट वाटही आहे. न्यू यॉर्क मेट्सनी यांकीजसाठी सामन्याचा शेवट सांभाळणाऱ्या क्ले होम्सला डिसेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ३ कोटी ८० लाख डॉलर देऊन घेतले, त्याला स्टार्टर केले आणि पहिल्याच हंगामात त्याच्याकडून १६० हून अधिक इनिंग मिळवल्या. जोखीम मोठी होती; पण नावाजलेल्या स्टार्टरच्या किमतीशी ताडून पाहिली तर ती घेण्याजोगी होती.

वेळेचे म्हणाल, तर वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, संपताच करारमुक्त खेळाडूंची बोलणी सुरू होतात, डिसेंबरात सर्व संघांची हिवाळी बैठक होते आणि फेब्रुवारीच्या मध्याला पिचर व कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारे) सरावासाठी दाखल होतात. मोठ्या नावांचा बाजार बहुधा आधी होतो. जानेवारी संपत आला तरी मोकळे राहिलेले, वय झालेले पण टिकाऊ पिचर मात्र स्वस्तात मिळतात. मला निवड करायची असती, तर एका तारांकित नावापेक्षा असे दोघे मी आनंदाने घेतले असते.

प्रश्न : जपानमध्ये सहा स्टार्टर वापरतात, मग अमेरिकेतील संघ सहा जणांची पाळी का लावत नाहीत? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : जपानमध्ये स्टार्टर आठवड्यातून एकदाच खेळतो आणि सोमवारी बहुधा सामना नसतो, त्यामुळे सहा जणांची पाळी सहज बसते. अमेरिकेत सुट्या कमी असतात आणि वर सांगितलेली १३ ची मर्यादा आड येते : सहावा स्टार्टर घेतला, की बुलपेनमधला एक माणूस कमी होतो. लॉस एंजेलिस डॉजर्सना ही पाळी परवडते, कारण शोहेई ओहतानी फलंदाजीही करतो आणि अशा दुहेरी खेळाडूची गणना नियमानुसार १३ पिचरांत होत नाही. योशिनोबू यामामोतोसारख्या जपानी पद्धतीत वाढलेल्या पिचरलाही मधला जादा दिवस मानवतो.

प्रश्न : आमच्या शाळेच्या १७ वर्षांखालील संघात दोनच मुले पिचिंग करू शकतात. जिल्हा स्पर्धेचे सामने लागोपाठ येतात. काय करावे? (एक क्रीडाशिक्षक, लातूर जिल्हा)

उत्तर : दोघांवर स्पर्धा काढण्याचा विचार सोडून द्यावा. मेजर लीग आणि अमेरिकेची राष्ट्रीय बेसबॉल संघटना यांनी मुलांसाठी आखलेल्या मार्गदर्शनानुसार १५-१६ वर्षांच्या मुलाने एका दिवसात ९५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत. ३० पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी तो खेळू शकतो, ३१ ते ४५ टाकल्यास एक दिवस आणि ७६ किंवा त्याहून अधिक टाकल्यास चार दिवस विश्रांती हवी. लागोपाठच्या सामन्यांना हे लावून पाहिले, तर किमान चार मुले लागतात, हे आपल्या लक्षात येईल.

ती शाळेतच सापडतील. पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलेले रिंकू सिंग (क्रिकेटपटू नव्हे) आणि दिनेश पटेल हे भारतात पिचर शोधण्याच्या २००८ च्या मोहिमेत निवडले गेले तेव्हा भालाफेक करणारे होते. क्रिकेटच्या मुलांत शोध घेताना गोलंदाजीपेक्षा सीमारेषेवरून येणारी फेक पाहावी, कारण गोलंदाजाचा हात सरळ ठेवण्याकडे कल असतो आणि पिचिंगमध्ये कोपर वाकवूनच फेकावे लागते. विश्रांतीच्या दिवशी पिचरला कॅचर करू नये. कॅचरही जवळजवळ तेवढेच चेंडू फेकतो. वर्षातून चार महिने, त्यांतले दोन-तीन सलग, फेक पूर्ण बंद ठेवावी आणि त्या काळात पळणे, पाय व पाठ यांचे व्यायाम चालू ठेवावेत. सामन्याच्या दिवशी एका राखीव खेळाडूच्या हाती वही देऊन प्रत्येक चेंडूची नोंद ठेवायला सांगावे आणि आकडा ठरलेल्या मर्यादेला पोहोचला, की सामना कितीही अटीतटीचा असला तरी पिचर बदलावा.