मीटरवर येणारा पुढचा आकडा

प्रश्न : मी कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून माल नेणारा ट्रक चालवतो. मीटरवर १,४२,८५७ किलोमीटर झाले तेव्हा शाळेला सुट्टी होती म्हणून मुलगी सोबत होती. तिने फोटो काढला. म्हणाली, पप्पा, याला २ ने गुणलं की २८५७१४, ३ ने गुणलं की ४२८५७१, तेच सहा अंक फिरून येतात. आज मीटर ८,४१,००० वर आहे. पुढे असा फोटो काढण्याजोगा आकडा आहे का? — एक ट्रकचालक

उत्तर : आहे, अजून १६,१४३ किलोमीटरवर. ८,५७,१४३. मुलीने टिपलेल्या आकड्याचाच तो जोडीदार. दोघांची बेरीज बरोब्बर दहा लाख. अंक फिरण्याची गंमत याच्यात नाही, याची गंमत वर्गात आहे, म्हणजे आकड्याला त्याच आकड्याने गुणून येणाऱ्या उत्तरात.

तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी नौपाड्यातल्या घरी पेन्सिल घेऊन बसलो आणि कागदावरच वर्ग केला. उत्तर ७३४६९४१२२४४९. वजनकाट्यावरच्या बारा अंकी कॅल्क्युलेटरवर जेमतेम मावेल. आता ते मधोमध तोडा: ७३४६९४ आणि १२२४४९. बेरीज करा. ८५७१४३!

१४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. शेवटचे सहा अंक तेच, आणि २०४०८ अधिक १२२४४९ म्हणजे पुन्हा १४२८५७. छोटी जोडी तोंडी करता येईल: ४५ आणि ५५, बेरीज शंभर. वर्ग २०२५ आणि ३०२५. वीस नि पंचवीस पंचेचाळीस, तीस नि पंचवीस पंचावन्न.

यांना कापरेकर संख्या म्हणतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत मास्तर होते. जन्म १९०५ चा, डहाणूचा, आणि माध्यमिक शिक्षण आपल्या ठाण्यात. मी याच शहरात गणित शिकवलं. पोरांना त्यांच्या नावाने ओळखला जाणारा ६१७४ हा आकडा ठाऊक असतो, या संख्या मात्र सांगायच्या राहून जातात, याची मला फार हळहळ वाटते.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. तो मागचा तुकडा, १२२४४९, त्याची सहापट करून पाहा: ७३४६९४, म्हणजे पुढचा तुकडा! एक वाटा मागे, सहा वाटे पुढे, मिळून सात वाटे. म्हणून ८५७१४३ ला ७ ने नि:शेष भाग जातो आणि भागाकार येतो १२२४४९. मुलीला हा भागाकार स्वतः करू द्या, उत्तर आधी सांगू नका.

आकडा मीटरवर एकच किलोमीटर टिकेल. ८,५७,१४० दिसलं की गाडी उभी करायला जागा बघायला लागा. चालत्या गाडीत फोटो नको.